रॉकेलच्या पिंपावरचं कुंकू

मी विमान कंपनीत आहे असं म्हटलं की समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे. मला ते फार आवडायचं, म्हणून मी पुढचं सांगत नसे. पुढचं असं की कंपनीकडे विमानं दोनच होती, दोन्ही जुनी, कापडी पंखांची, वर-खाली जोडपंख असलेली. अंधेरीच्या पश्चिमेला समुद्राच्या बाजूला धावपट्टी होती, तिच्या एका टोकाला पत्र्याची शेड. पन्नास सालानंतरची ती चार-पाच वर्षं. आमची विमानं हौशी लोकांना फिरवून आणायची आणि दुकानांच्या जाहिरातीची पत्रकं उपनगरांवर टाकायची. मी कधी उडालो नाही. मी इंधनाचा कोठा सांभाळायचो आणि रोजची नोंदवही लिहायचो. अंधेरीच्या आमच्या चाळीत मात्र मी वैमानिक होतो, आणि आईने तो गैरसमज कधी दूर केला नाही. मीही केला नाही.

शेडमध्ये खरं काम मिस्त्रींचं. मालवणकडचे, पन्नाशी ओलांडलेले, आधी गिरणीत फिटर होते, मग लढाईच्या दिवसांत विमानांच्या दुरुस्तीला लागले आणि तिथेच रमले. इंजिनाला कान लावून ते चार सिलिंडरांपैकी कुठला रुसलाय ते सांगायचे. खिशाला पेन असलेल्या प्रत्येक माणसाला ते मास्तर म्हणत, त्यामुळे मी मास्तर. त्यांना एकच व्यसन, तपकीर. तीस वर्षं चिमूट चिमूट ओढून नाकाचं पार वाटोळं झालेलं. आम्ही त्यांना चिडवायचो, "मिस्त्री, गुलाबपाणी आणि पेट्रोल तुम्हाला एकच!" ते हसून म्हणायचे, "माझा नाक म्हणजे तू, मास्तरांनू."

ते थट्टेत म्हणत असले तरी आमच्याकडे नियमच तसा होता. विमानात इंधन भरायच्या आधी मी पिंपातून थोडं काचेच्या बरणीत काढायचं. विमानाच्या पेट्रोलला लाल रंग घातलेला असतो, तो उजेडात धरून बघायचा. मग थोडं तळहातावर ओतायचं. पेट्रोल असेल तर हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. रॉकेल असेल तर तेलकट होऊन बसून राहतं. रॉकेलचं एक पिंप शेडमध्ये असायचंच, कारण इंजिनाचे सुटे भाग त्यात धुवायचे. एवढं सगळं झालं की मी वहीत लिहायचं, 'नमुना पाहिला, रंग लाल, बरोबर', आणि खाली सही करायची. मग मिस्त्री हातपंपाने पिंपातून डबे भरून शिडीवर चढत आणि वरच्या पंखातल्या टाकीत चामड्याच्या फडक्यातून इंधन गाळून ओतत. गाळून पाणी आणि कचरा अडकतो, रॉकेल अडकत नाही. ते अडवायचं काम माझं होतं.

आता माझ्या लग्नाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथं अडतं.

माझं वय सव्वीस झालं होतं आणि आई हात धुऊन मागे लागली होती. त्या वर्षी श्रावणात बोरिवलीला एक मुलगी बघायला गेलो होतो. कामावरून तसाच गेलो. पाटावर बसतोय न बसतोय तोच मुलीच्या आत्याने नाक मुरडलं आणि आतल्या बाजूला बघून विचारलं, "स्टो उपडा झालाय का गं कुठे?" कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट झालं. मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "तुम्ही विमानात नक्की काय करता?" मी कोठा सांभाळतो म्हटलं. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. आईच्या मते पत्रिका उत्तम जुळत होती, जुळला नव्हता तो माझा वास. तेव्हापासून ती मला लिंबाच्या साली घासून हात धुवायला लावायची.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मुलुंडला दुसरी मुलगी बघायची ठरली. सकाळी कंपनीचं एक उड्डाण होतं. घाटकोपरच्या एका कापडदुकानाची दसऱ्याची गुलाबी पत्रकं घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीवर टाकायची होती. माझं काम तासाभराचं, मग मी मोकळा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मिस्त्रींचा हा सण म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. गिरणीतली सवय. पाने, हातोडे, कानस, शिडी, हातपंप, सगळं त्यांनी घासूनपुसून लख्ख केलं. पिंपंसुद्धा धुतली. पेट्रोलची दोन, रॉकेलचं एक. रॉकेलचं एरवी कोपऱ्यात, भाग धुवायच्या परातीपाशी असायचं. ते आम्ही दोघांनी तिरकं करून गडगडत आणलं आणि पंपापाशी पेट्रोलच्या रांगेत उभं केलं. देवाच्या दारी एकाला वेगळं कशाला ठेवा, असं मिस्त्री म्हणाले. पूजा मी केली, कारण मला दोन श्लोक येत होते आणि मिस्त्रींना त्याचं फार कौतुक. झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. कुंकू पाण्यात कालवलं तर वाळून झडतं, म्हणून मिस्त्रींनी ते तेलात कालवून दिलं. मी सगळ्यांना टिळे लावत गेलो. पान्याला, पंपाला, विमानाच्या नाकाला. आणि तिन्ही पिंपांच्या पोटावर एकेक चांगला रुपयाएवढा लाल टिळा.

आमच्याकडे पेट्रोलच्या पिंपाची खूण काय होती? पोटावर लाल रंगाचा ठिपका. रुपयाएवढा.

हे मला तेव्हा सुचलं नाही. मिस्त्रींनाही सुचलं नाही. पूजेत कुंकू लावताना ते कुणाला सुचेल? इथपर्यंत झालं ते दोघांचं होतं, किंवा कुणाचंच नव्हतं. इथपर्यंतचं मी आजही कुणालाही हसत सांगू शकतो. प्रसाद खाऊन आम्ही घरी गेलो आणि रॉकेलचं पिंप कोपऱ्यात परत नेऊन ठेवायचं राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी मी नवा पांढरा शर्ट घालून शेडमध्ये आलो. आईने रात्रभर पाण्यात भिजवलेल्या सालींनी माझे हात पहाटे दोनदा घासले होते. शेडच्या दाराशी मी उभा राहिलो, आत गेलोच नाही. कंपनीचे एकुलते एक वैमानिक येऊन विमानाभोवती फेऱ्या मारत होते, त्यांना घाई होती. मी वही दाराबाहेरच्या बाकावर ठेवली, रोजचं वाक्य लिहिलं आणि सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

मिस्त्री डबे घेऊन आले. "मास्तरांनू, नमुनो बघलास?"

"हो हो, पाहिला. भरा तुम्ही."

"खंयचा पिंप?"

मी दारातूनच बोट दाखवलं. "ते काय, पंपाजवळचं. लाल खुणेचं."

त्यांनी तिकडे पाहिलं, लाल खूण पाहिली आणि भरायला लागले. रॉकेलचा वास कुणाला आला नाही, कारण शेडमध्ये सगळ्याचाच वास होता, आणि ज्याला तो वेगळा ओळखता आला असता तो मी, बाहेर वाऱ्यावर उभा राहून शर्टाच्या बाह्यांची इस्त्री सांभाळत होतो. त्या सकाळी मला माझ्या हातांना वास लागू द्यायचा नव्हता. एवढंच कारण होतं. मी पुढे खूप कारणं शोधली, पण दुसरं कुठलं नव्हतं.

टाकी आधीच अर्धी पेट्रोलने भरलेली होती, आणि नळीत, कार्बोरेटरमध्ये कालचं चांगलं पेट्रोल होतं. त्यामुळे इंजिन एका झटक्यात चालू झालं. विमान छान उडालं. समुद्राकडे जाऊन ते उजवीकडे वळलं आणि वर्सोव्याच्या खाडीवर आलं. तेवढ्यात मिस्त्रींनी मान वर केली. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं.

"ठोकता हा," ते म्हणाले.

मग मलाही आलं. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. मागे पांढुरका धूर दिसायला लागला. विमान वर चढायचं थांबलं, थोडा वेळ तसंच गेलं आणि मग खाली खाली जात माडांच्या मागे दिसेनासं झालं. आवाज बंद पडला. मिस्त्री चपला टाकून धावत सुटले. त्यांच्यामागे मी.

मढच्या बाजूला खाडीच्या चिखलात विमान नाकावर उभं होतं. ओहोटी होती. आम्ही होडीने पलीकडे जाईपर्यंत तिथल्या कोळ्यांनी वैमानिकांना बाहेर काढून फळीवर निजवलं होतं. खांदा मोडला होता, पुढचे दात गेले होते, पण शुद्धीवर होते. चिखलभर गुलाबी पत्रकं चिकटली होती. मिस्त्री गुडघाभर चिखलातून सरळ चालत गेले. मी काठावर थांबलो, आधी विजार दुमडून घेतली आणि मग त्यांच्यामागे गेलो. हे मला पुसून टाकता आलेलं नाही. एक माणूस मरता मरता वाचलाय आणि मी विजारीच्या घड्या नीट मोजून घालतोय.

मिस्त्रींनी पान्याने इंधनाची नळी सैल केली आणि थेंब थेंब तळहातावर घेतले. मग हात पसरून तसेच उभे राहिले. उडून जायची वाट बघत होते. ते उडालं नाही. त्यांनी हात नाकाशी नेला, पुन्हा नेला आणि मग माझ्यापुढे धरला. "हुंग रे मास्तरांनू."

मी हुंगलं. "रॉकेल आहे," म्हणालो.

त्यांनी तो हात चिखलाच्या पाण्यात धुतला, पुन्हा धुतला. माझं डोकं तेव्हा फार स्वच्छ चाललं होतं. वहीत काय लिहिलंय ते मला अक्षर न् अक्षर आठवत होतं.

त्या दुपारी मी मुलुंडला गेलो. शर्टाला चिखल लागला नव्हता. पोहे खाल्ले, आणि आमच्याकडे आज काय झालं ते मुलीच्या घरच्यांना सांगितलं. चिखलातून कसं धावत गेलो तेही सांगितलं. सगळे कान देऊन ऐकत होते. मुलीच्या डोळ्यांत तर मी मोठाच झालो. निघताना तिची आई माझ्या आईला म्हणाली, "हात किती स्वच्छ आहेत हो मुलाचे!" लग्न तिथेच ठरलं.

चौकशी शेडमध्येच झाली. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, आणि एक सरकारी अधिकारी. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मिस्त्रींना बसायला खुर्ची दिली होती, पण मिस्त्री बसले नाहीत.

अधिकाऱ्यांनी वही उघडली. "नमुना कुणी घेतला?"

"मी."

"रंग?"

"लाल."

"कुठल्या पिंपातला?"

"भिंतीकडच्या," मी म्हणालो. भिंतीकडचं पिंप पेट्रोलचं होतं, हे तोपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी गोष्ट आठवत नसली की माणूस ज्याला आठवत असेल त्याच्याकडे बघतो, तसं. "मास्तरांनी पंपाजवळचा दाखवलेला असा माका वाटता," ते हळू आवाजात म्हणाले.

मी म्हणालो, "नाही मिस्त्री. भिंतीकडचं म्हणालो मी. तुमची ऐकण्यात चूक झाली असेल."

'चूक झाली असेल.' किती सभ्य बोललो! मिस्त्री साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "तसा असात सायब. मास्तर खोटा कशाक सांगतीत? माझ्याच हातसून झाला." त्यांनी मग आपण होऊन तपकिरीची गोष्ट काढली. नाक धड असतं तर डबा भरतानाच कळलं असतं, असं म्हणाले. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मिस्त्रींना त्याच दिवशी निरोप मिळाला. जाताना त्यांनी आपले पाने पुसून जागच्या जागी लावून ठेवले. मला म्हणाले, "संभाळून रव." मी मान हलवली.

इथे थांबलं असतं तरी पुरे होतं. पण साहेबांना त्यातून धडा काढायचा होता. इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या माथ्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले होते आणि एका कडेचं ॲल्युमिनियम वितळून गळालं होतं. साहेबांनी तो पिस्टन फळीवर ठेवला आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला तो दाखवून चुकीच्या इंधनाने काय होतं ते समजावून सांगायचं काम मला दिलं. शेडमध्ये त्याला 'मिस्त्रींचा पिस्टन' म्हणू लागले.

मी ते काम उत्तम करायचो, सांगायला लाज वाटते. पिस्टन हातात घेऊन सांगायचो की पेट्रोल ठिणगीची वाट बघतं, रॉकेल बघत नाही. पिस्टन वर येताना दाबाने आणि उष्णतेने ते मध्येच आपणहून भडकतं. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच समोरून जोराने ढकलला तर काय होईल? तसा पिस्टन वर येतोय आणि वरून ठोसा बसतोय. मिनिटाला शेकडो ठोसे. म्हणून तो ठकठक आवाज. ताकद जाते, उष्णता वाढते, धातू वितळतो. शिवाय न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या आतल्या अंगाचं वंगण धुऊन काढतं आणि ठिणगीच्या प्लगांवर काजळी धरते. जमिनीवर हे कळेलच असं नाही, कारण नळीत आधीचं चांगलं पेट्रोल असतं. कळतं ते वर गेल्यावर, पूर्ण जोर लावल्यावर, जेव्हा खाली उतरायला जागा नसते. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकायची. आणि शेवटी मी म्हणायचो, "एका माणसाच्या निष्काळजीपणामुळे." माणूस कोण ते मी कधी बोललो नाही, बोलायची गरजच नसे. नाव पिस्टनलाच चिकटलेलं होतं.

दोन वर्षं मी असं सांगत राहिलो. लग्न झालं. पगारवाढीचं नाव नको, पण हुद्दा वाढला. मग एक दिवस एका नव्या उमेदवाराने, भाषण संपल्यावर, अगदी सरळपणे विचारलं, "पण सर, नमुना बघितला असेल ना कुणीतरी?"

"बघितला होता," मी म्हणालो.

"मग बघणाऱ्याने नंतर भरताना लक्ष नाही दिलं?"

मी त्याच्यावर खेकसलो. नियम पाठ करून ये म्हणालो. तो बिचारा गोरामोरा झाला. त्या रविवारी मी बायकोला मुलुंडला तिच्या आईकडे सोडलं, आणि परत येताना घाटकोपरला उतरून मिस्त्रींचं घर शोधत गेलो.

टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या छपराची खोली होती. दाराशी पोतं पसरून मिस्त्री बसले होते. पुढ्यात आठ-दहा पितळी स्टो. ते स्टो दुरुस्त करायचं काम करत होते. इंजिनाला कान लावणारा माणूस स्टोच्या भोकात पिन घालत होता. मला बघून ते धडपडत उठले. "मास्तरांनू! गो, भायर ये, आमचे मास्तर इले!" त्यांची बायको बाहेर आली, मला नमस्कार केला, चहा ठेवायला आत गेली. त्यांनी मला सगळं विचारलं. वैमानिकांचा खांदा बरा झाला का, ते परत उडतात का, दुसऱ्या विमानाचं तेल गळायचं ते थांबलं का. मी उत्तरं देत होतो.

बोलता बोलता त्यांनी एका स्टोमध्ये ओतायला बाटली घेतली, आणि ओतायच्या आधी आत हाक मारली. बायको आली, वाकून बाटली हुंगली, मान हलवली आणि गेली. मग त्यांनी ओतलं.

"हे काय, मिस्त्री?"

"माझ्या नाकाचो भरवसो नाय," ते म्हणाले. "हातांचोसुद्धा नाय. ही हुंगता, मगे मी ओततंय. तपकीर सोडलंय त्याच दिवशी. पण नाक काय परत येणा नाय."

समोर बाटलीत घासलेट आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. स्टोवाल्याकडे दुसरं काय असणार? दोन वर्षं हा माणूस प्रत्येक बाटली हुंगवून घेत होता. मला तिथं बसवेना. मी म्हणालो, "मिस्त्री, मी नमुना पाहिला नव्हता."

त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. नमुना घेतला नाही, न बघता सही केली, पंपाजवळचंच पिंप दाखवलं, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं, चौकशीत मी खोटं बोललो. एका दमात सांगितलं आणि ते मारतील म्हणून बसून राहिलो. त्यांनी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी हातातली पिन पोत्यावर ठेवली. मग त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं. ती चहाचा कप घेऊनच आली.

"आता हिच्यासमोर सांग," ते म्हणाले. "माका सांगलंस तसाच."

दुसऱ्यांदा सांगणं फार कठीण गेलं. पहिल्यांदा मी कबुली देत होतो, त्यात थोडी ऐट असते. दुसऱ्यांदा नुसती हकीकत होती. पांढऱ्या शर्टाचंही सांगावं लागलं, कारण तिने विचारलं, "पण कशाक बघूक नाय तू?" मी हातांच्या वासाचं सांगितलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि मी तुमका काय काय बोललंय! तपकिरीपायी माणूस मारलो असतो म्हणून बोललंय." आणि रडायला लागली. मिस्त्रींनी कप तिच्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी चहा प्यायलो. न पिऊन काय केलं असतं?

निघताना मिस्त्री म्हणाले, "सोमवारी सायबाकडे जाऊया. दोघांय. माका नोकरी नको, आता झेपाची नाय. सायबान एकदाच म्हणूचा, मिस्त्री, तुझा चुकला नव्हता. बस."

"हो," मी म्हणालो. "दहा वाजता फाटकाशी या. मी घेऊन जातो आत." आणि मी ते मनापासून म्हणालो होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत एका दुकानाशी थांबले आणि तपकिरीची पुडी घेतली. चिमूटभर ओढली, डोळ्यांत पाणी आलं, शिंका आल्या, आणि ते हसायला लागले. दोन वर्षांत पयल्यांदा, म्हणाले. मला गाडीत चढवून ते फलाटावर हात हलवत उभे होते.

सोमवारी ते साडेनवालाच आले. मी शेडच्या पत्र्याच्या फटीतून पाहिलं. काळा कोट, टोपी, पायांत बूट. बूट मी त्यांच्या पायांत कधी पाहिले नव्हते. फाटकाबाहेर सावलीला उभे राहिले आणि अधूनमधून टोपी सारखी करू लागले.

साहेब त्या दिवशी कचेरीत होते, मूडही चांगला होता. विमानदुरुस्तीच्या परवान्याच्या परीक्षेला माझी शिफारस करायचं पत्र त्यांनी त्याच सकाळी टाइप करायला दिलं होतं, असं कारकुनाने मला आल्या आल्या सांगितलं. बायकोला सातवा महिना होता. ही कारणं म्हणून सांगत नाही. मी तिथे उभा राहून हीच मोजत होतो, एवढंच सांगतो.

फाटकावरचा पहारेकरी आत आला. "मिस्त्री आलेत आपले. तुम्हाला विचारतायत. सोडू का आत?"

"सांगा," मी म्हणालो, "आज आलो नाही म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गेला. फटीतून मला दोघं बोलताना दिसले. मिस्त्रींनी शेडकडे एकदा पाहिलं. लगेच गेले नाहीत. उशिरा येईन असं त्यांना वाटलं असावं, कारण ते बारापर्यंत तिथंच उभे होते. ऊन सरकलं तशी त्यांनी जागा बदलली. मग टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली आणि स्टेशनच्या रस्त्याने चालू लागले.

पहारेकरी निरोप घेऊन आला. "म्हणाले, बरा नसात तेका. ताप-बिप असात. काळजी घे म्हणून सांगा. आणि घाई नाय म्हणाले, बरं वाटलं की कळव, मी परत येईन."

मी धडधाकट उभा होतो. मी कळवलं नाही.